मेगाहर्ट्झ, धबधबा आणि जल्प

मंडळी, मागच्या वेळी आपण न्यायसूत्रांतले चर्चेचे तीन प्रकार पाहिले: वाद, जल्प आणि वितंडा. व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्यानं मला गाठलं. म्हणाला, "सर, जल्पाचं जिवंत उदाहरण हवं असेल तर सेगावाले आणि निन्टेंडोवाले यांचं भांडण ऐका." मी ऐकलं. बरेच आठवडे ऐकलं. घरच्यांना वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी झालंय. (हशा)

थोडी पार्श्वभूमी सांगतो. सेगाचं मेगा ड्राइव्ह जपानमध्ये १९८८ साली आलं, निन्टेंडोचं सुपर फॅमिकॉम १९९० साली. अमेरिकेत सेगानं नाव घेऊन चिमटे काढणाऱ्या जाहिराती केल्या. वडिलांनी जे यंत्र घरी आणलं ते त्या मुलाचं दैवत झालं. ती मुलं आता पन्नाशीच्या आसपास आहेत आणि अजून भांडताहेत.

आता युक्तिवाद बघा. प्रतिज्ञा: मेगा ड्राइव्ह अधिक वेगवान. हेतू: त्याचा प्रोसेसर ७.६७ मेगाहर्ट्झचा, समोरच्याचा जास्तीत जास्त ३.५८. ऐकायला बिनतोड. पण इथे व्याप्तीला उपाधी चिकटली आहे बरं का. जिथे अग्नी तिथे धूर, हे लाकूड ओलं असेल तरच खरं, तसंच हे. मोटोरोला ६८००० या चिपला मेमरीशी एक व्यवहार करायला किमान चार ठोके लागतात, समोरच्या चिपला एक. उलट, ६८००० एका खेपेला सोळा बिट आणतो आणि दुसरी आठ. करा गुणाकार! दोघंही सेकंदाला साडेतीन ते चार मेगाबाइटच्या घरात येतात. ६८००० कडे ३२ बिटांची रजिस्टरं आहेत, मोठ्या आकडेमोडीत तो सरस आहेच. म्हणजे निष्कर्षात तथ्य असेलही, पण दिलेला हेतू फसवा.

निन्टेंडोवाले मग रंगांवर येतात. त्यांचं यंत्र ३२,७६८ छटांतून रंग निवडतं, सेगाचं ५१२ मधून. हे निर्विवाद आहे. पण त्यावरून 'चित्र अधिक सुंदर' इथवर उडी कशी मारता? कांट म्हणाला होता, कॅनरी द्राक्षासव रुचकर आहे असं म्हणू नका, मला रुचकर लागतं असं म्हणा. सुंदरचं तसं नाही. तिथे आपण सगळ्यांची संमती मागतो. ही मंडळी मागतात संमती आणि पुढे करतात आकडा.

मला खरा रस वाटला तो धबधब्यात. १९९१ च्या सोनिक खेळात पहिल्याच टप्प्यावर एक धबधबा आहे. यंत्राच्या मेमरीत तो म्हणजे नुसत्या उभ्या पट्ट्या, एकाआड एक. जुन्या डबा टीव्हीला साध्या कॉम्पोझिट वायरनं जोडलं की त्या पट्ट्या एकमेकींत विरघळतात आणि पाणी पारदर्शक दिसतं. आजच्या स्वच्छ पडद्यावर पुन्हा गज दिसतात. मग खरं चित्र कुठलं? स्वच्छ पडद्यावरचं, असं म्हणणारा शौकीन 'जे आत आहे तेच सत्य' हे गृहीत धरतो. चित्र जर बघण्यासाठी केलेलं असेल, तर वायरचा दोष हाही त्याचा एक अवयवच की! माझं मत जुन्या टीव्हीच्या बाजूचं आहे, आणि या प्रश्नावर दोन्ही गटांतले काही लोक अचानक शहाण्यासारखे बोलू लागतात, हेही मला दिसलं. इथे जल्पाचा वाद होतो. कारण इथे आपलं यंत्र जिंकायचं नसतं.

त्यांना हसताना मी जरा अडखळतो, हे कबूल केलं पाहिजे. विभागात असताना गुरूंच्या मताची बाजू मी कित्येक वर्षं लढवली, आणि प्रतिपक्षाचा ग्रंथ पुरता वाचला तो निवृत्तीनंतर. अर्धा भाग मला पटला. सांगायला गुरू राहिले नव्हते.

असो. तो तरुण आज समोरच बसलाय, आणि 'सर, मग चांगलं कुठलं?' हे विचारणार आहे. अरे, तो धबधबा मी अजून फोटोतच पाहिलाय. कुणाकडे चालू स्थितीतला डबा टीव्ही असेल तर कार्यक्रमानंतर भेटा.