पर्यटकांच्या प्रेरणा, अनुभव आणि वृत्ती : प्रचलित संशोधनपद्धतीची चिकित्सा (विशेष संदर्भ : सौंदड परिसर)

प्रस्तावना :
पर्यटन हा वाणिज्य, भूगोल, समाजशास्त्र आणि मानसशास्त्र या चारही शाखांत अभ्यासला जाणारा विषय आहे. पर्यटक का येतो, त्याला काय अनुभव येतो आणि त्या स्थळाविषयी त्याची वृत्ती कशी बनते, या तीन प्रश्नांभोवती या संशोधनाची उभारणी झालेली दिसते. लघुशोधप्रबंध व शोधनिबंध यांतून त्यासाठी सामान्यतः एकच मार्ग वापरला जातो. प्रवेशद्वारावर भेटलेल्या पर्यटकांकडून पाच पर्यायांची प्रश्नावली भरून घ्यायची, सरासरी काढायची आणि 'बहुसंख्य पर्यटक समाधानी आहेत' असा निष्कर्ष नोंदवायचा. ही पद्धत सोयीची आहे, परंतु ती पुरेशी आहे काय, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या तपासणीसाठी सौंदड परिसर उपयुक्त ठरतो. गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील हे गाव राष्ट्रीय महामार्ग 53 (पूर्वीचा क्रमांक 6) आणि गोंदिया-बल्लारशा लोहमार्ग या दोहोंवर आहे. महामार्गाच्या उत्तरेस नागझिरा व दक्षिणेस नवेगाव ही वनक्षेत्रे आहेत. नवेगाव राष्ट्रीय उद्यान, नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा व कोका ही अभयारण्ये एकत्र करून डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला.

प्रेरणेची चौकट आणि झाडीपट्टीचा प्रवासी :
ग्रॅहॅम डॅन यांनी 1977 मध्ये प्रवासाच्या प्रेरणांची विभागणी 'ढकलणारे' आणि 'ओढणारे' घटक अशी केली. 1979 मध्ये जॉन क्रॉम्प्टन यांनी नऊ प्रेरणा मांडल्या. नित्याच्या वातावरणातून सुटका, आत्मशोध, विश्रांती, प्रतिष्ठा, बालसुलभ मोकळेपणा, कौटुंबिक नात्यांची दृढता आणि सामाजिक संपर्क या सात सामाजिक-मानसशास्त्रीय, तर नावीन्य व शिक्षण या दोन सांस्कृतिक प्रेरणा होत. क्रॉम्प्टन यांनी ही यादी मोजक्या व्यक्तींच्या मुक्त, सविस्तर मुलाखतींतून मिळविली होती, ही बाब येथे महत्त्वाची आहे. मुक्त संभाषणातून निघालेली यादी पुढे बंदिस्त प्रश्नावलीत उतरली. उत्तरदात्याला स्वतःचे कारण सांगण्याची मुभा राहिली नाही, तर दिलेल्या कारणांना गुण देण्याचे काम त्याच्याकडे आले. अमेरिकेतील व्यक्तींच्या बोलण्यातून सिद्ध झालेली वर्गवारी भाषांतरित होऊन येथील वास्तव म्हणून स्वीकारली गेली.

याचा परिणाम सौंदड परिसरात स्पष्ट दिसतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीतील गावोगावी मंडई भरते. दंडार होते, रात्रभर नाटके चालतात. लेकी-जावई, सोयरे-धायरे परगावाहून येतात व मुक्काम करतात. नात्यांची दृढता, सामाजिक संपर्क आणि मनोरंजन या तिन्ही प्रेरणा येथे एकत्र आहेत. तथापि हा प्रवासी हॉटेलात उतरत नाही, तिकीट काढून कोणत्याही प्रवेशद्वारातून आत जात नाही, म्हणून तो नमुना-निवडीत येतच नाही. प्रवेशद्वारावर घेतलेल्या नमुन्यावरून 'गोंदिया जिल्ह्यातील पर्यटकांची प्रेरणा' असे शीर्षक देणे म्हणूनच पद्धतिशास्त्रीयदृष्ट्या सदोष ठरते.

अनुभवाचे स्वरूप :
एरिक कोहेन यांनी 1979 मध्ये पर्यटन-अनुभवाचे मनोरंजनात्मक, विरंगुळ्याचा, अनुभवात्मक, प्रयोगात्मक आणि अस्तित्वात्मक असे पाच प्रकार सांगितले. विरंगुळा शोधणाऱ्यापासून प्रवासस्थळी स्वतःच्या जीवनाचे केंद्र शोधणाऱ्यापर्यंतचा हा विस्तार आहे. सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड समाज एकत्र येतो. आपल्या धर्माच्या उगमस्थानी येणाऱ्या या यात्रेकरूला 'सोयीसुविधांबाबत आपण किती समाधानी आहात?' एवढेच विचारले, तर उत्तर मिळेल, पण त्यात त्याचा अनुभव नसेल.

या बाबतीत मराठी परंपरेत एक वेगळा आदर्श उपलब्ध आहे. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वारीत स्वतः चालून लिहिलेल्या लेखाचे इंग्रजी रूप 1962 मध्ये प्रसिद्ध झाले. वारीतील आत्मीयता आणि त्याच वारीत जातीनुसार वेगळ्या राहणाऱ्या दिंड्या हे दोन्ही त्यांना दिसले, कारण त्या सोबत होत्या. प्रश्नावलीच्या रकान्यात ही विसंगती उमटली नसती.

वृत्ती आणि वर्तन :
पर्यटकाची वृत्ती मोजली की त्याचे वर्तन कळते, हे या संशोधनातील सर्वांत दुबळे गृहीतक आहे. या गृहीतकावरील प्रसिद्ध आक्षेप एका प्रवासातूनच पुढे आला. रिचर्ड लापिएर यांनी एका चिनी दांपत्यासह अमेरिकेत प्रवास केला. वर्णद्वेषाच्या त्या काळात 251 निवास व उपाहारगृहांपैकी फक्त एका ठिकाणी नकार मिळाला. पुढे पत्राने विचारणा केली असता, उत्तर देणाऱ्या 128 आस्थापनांपैकी 90 टक्क्यांहून अधिकांनी चिनी व्यक्तींना प्रवेश देणार नाही, असे कळविले. हा अभ्यास 1934 मध्ये प्रसिद्ध झाला. लोक जे सांगतात आणि जे करतात, यांतील अंतर त्याने दाखवून दिले.

विदर्भातील व्याघ्र-पर्यटनात हे अंतर उलट्या दिशेने दिसते. 'वन्यजीवांचे संरक्षण झाले पाहिजे' या विधानाशी असहमत होणारा पर्यटक क्वचितच सापडेल. परंतु 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या वाहनांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट रोखून धरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला जानेवारी 2025 मध्ये या घटनेची स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या वाहनांतील पर्यटकांकडून त्याच दिवशी प्रश्नावली भरून घेतली असती, तर संरक्षणाविषयीची वृत्ती अनुकूल आणि समाधानाची पातळी उच्च आली असती, असे मानण्यास जागा आहे. जवळून वाघ दिसणे हेच जेथे समाधान आहे, तेथे उच्च समाधान हा चांगल्या व्यवस्थापनाचा पुरावा ठरत नाही. प्रसंगी तो नियमभंगाचाही पुरावा असू शकतो.

याच अभयारण्यात नागझिऱ्यातून आलेला 'जय' हा वाघ मोठे आकर्षण ठरला आणि 2016 मध्ये तो दिसेनासा झाला. एका वाघाच्या नावावर उभी राहिलेली मागणी त्या वाघाबरोबरच सरकते. नवेगावचा तलाव, तेथील पक्षी, परंपरेनुसार हा तलाव बांधणाऱ्या कोलू पाटील कोहळी यांचा आणि एकूण कोहळी समाजाच्या जलव्यवस्थापनाचा इतिहास, तसेच मारुती चितमपल्ली यांनी 'नवेगावबांधचे दिवस' मधून वाचकांपर्यंत पोहोचविलेले निसर्गजीवन हे आकर्षणाचे टिकाऊ आधार आहेत. 'आकर्षणे' या शीर्षकाखाली वाघाला प्रथम क्रमांक देणारी प्रश्नावली मात्र ही मागणी केवळ नोंदवीत नाही, ती घडवितेही.

यजमान समाजाची अनुपस्थिती :
जॉर्ज डॉक्सी यांनी 1975 मध्ये स्थानिकांच्या वृत्तीचे उत्साह, उदासीनता, चीड आणि वैर असे चार टप्पे मांडले. या मांडणीत 'स्थानिक' हा एकसंध मानला गेला आहे. प्रत्यक्षात जिप्सीचा चालक, मार्गदर्शक, महामार्गावरील ढाबाचालक आणि मोहफुले वेचणारी स्त्री यांचे पर्यटनाशी असलेले नाते एकच नसते. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर प्राणी दिसण्याची शक्यता वाढते म्हणून पर्यटक येतात. मोहफूल आणि तेंदूपान संकलनाचा हंगामही याच दिवसांत असतो. एकाच जंगलात एकाला सकाळी पैसे देऊन प्रवेश मिळतो, तर दुसऱ्याच्या उपजीविकेच्या वाटेवर निर्बंध येतात. या दुसऱ्या व्यक्तीची नोंद नसलेले समाधानाचे आकडे नियोजनाचा आधार बनले, तर संशोधन नकळत एका पक्षाचे साधन बनते.

निष्कर्ष :
1. प्रेरणांची यादी आयती न घेता स्थानिक बोलीतील मुक्त मुलाखतींतून तयार करावी आणि त्यानंतरच प्रश्नावली रचावी.
2. नमुना केवळ प्रवेशद्वारावर न घेता रेल्वेस्थानक, बसस्थानक, मंडई व यात्रास्थळे येथेही घ्यावा. तसे नसल्यास निष्कर्षाची व्याप्ती शीर्षकातच मर्यादित करावी.
3. वृत्तीच्या मोजमापास वर्तनाच्या प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड द्यावी.
4. पर्यटकाबरोबर यजमान समाजातील भिन्न घटकांचा अभ्यास अनिवार्य मानावा.

प्रश्नावली हे साधन त्याज्य नाही. मात्र ज्याला प्रश्न विचारला गेला त्याच्याच उत्तरावर, ज्याला विचारला गेला नाही त्याच्या भवितव्याचा निर्णय होऊ नये, एवढी दक्षता संशोधकाने घेणे आवश्यक आहे. सौंदडच्या स्थानकावर उतरणारा मंडईचा पाहुणा आणि महामार्गावरून नागझिऱ्याकडे वळणारा पर्यटक हे दोघेही जेव्हा एकाच अभ्यासात दिसतील, तेव्हाच या परिसराच्या पर्यटनाचे शास्त्रीय चित्र पूर्ण होईल.