ॲक्रिलामाइडचा पेपर: आधी प्रश्नावली वाचा, मग आकडा

बटाटा किंवा गव्हाचं पीठ १२० अंशांच्या वर तळलं-भाजलं, की त्यातलं ॲस्पराजिन हे अमिनो आम्ल आणि साखर यांच्यापासून ॲक्रिलामाइड तयार होतं. मोठ्या मात्रेत दिल्यावर उंदरांना त्याने कर्करोग होतो, हे आधीच माहीत होतं. अन्नात ते असतं, हे मात्र स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ साली जाहीर केलं. मग रोजच्या जेवणातून माणसाला धोका किती?

यावरचा एक गाजलेला पेपर आज तपासू: नेदरलँड्समधल्या होगरवॉर्स्ट आणि सहकाऱ्यांचा, २००७ सालचा. ५५ ते ६९ वयाच्या ६२,५७३ स्त्रियांचा गट, ११.३ वर्षं पाठपुरावा. रोज सरासरी ४०.२ मायक्रोग्रॅम ॲक्रिलामाइड पोटात जाणाऱ्यांना अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका ८.९ मायक्रोग्रॅमवाल्यांच्या १.७८ पट निघाला. स्तनाच्या कर्करोगाशी संबंध दिसला नाही.

बातमी इथे संपते. तुम्ही इथे थांबू नका.

आधी जमेच्या बाजू. आहार आजाराच्या आधी विचारलाय, त्यामुळे रुग्णाच्या आठवणीने उत्तर बदलण्याची भीती नाही. तंबाखूच्या धुरातही ॲक्रिलामाइड असतं, म्हणून कधीच धूम्रपान न केलेल्या स्त्रिया वेगळ्या काढल्या. तिथे आकडा २.२२ झाला. सगळा खेळ धुराचा असता तर तो खाली आला असता.

आता कच्चा दुवा. प्रश्नावली १९८६ ची, तीही एकदाच भरलेली. पदार्थ किती तांबूस भाजला हे तेव्हा कोण विचारणार? प्रत्येक पदार्थाला नंतर मोजलेला एक सरासरी आकडा लावलाय, पण एकाच प्रकारच्या दोन वेफर्समध्येही प्रमाण कित्येक पटींनी वेगळं निघतं. अशी चूक रुग्ण आणि निरोगी अशा दोघांत सारखी असेल, तर ती बहुतेकदा खरा संबंध पुसट करते. म्हणून ‘संबंध दिसला नाही’ याचा अर्थ ‘सुरक्षित आहे’ असा होत नाही. आणि १.७८ लाही चिकटून बसू नका: त्याचं विश्वासांतर १.१० ते २.८८ एवढं रुंद आहे, शिवाय एकाच वेळी अनेक कर्करोग तपासलेत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही २०१५ मध्ये माणसांवरचा पुरावा मर्यादित आणि विसंगत ठरवला. चिंता कायम ठेवली ती प्राण्यांवरच्या प्रयोगांमुळे.

समजा, हीच प्रश्नावली घेऊन तुम्ही कर्जत तालुक्यातल्या पोशीरला गेलात. यादीत कॉफी आणि डच मसाला केक. समोरच्या ताटात भात, तांदळाची भाकरी, कधी पापड-कुरडई, बाजाराच्या दिवशी वडा. भात पाण्यात शिजतो, त्यात हा प्रश्न जवळजवळ नाही. भाकरीचं काय? एका घरी पांढरी, दुसऱ्या घरी निखाऱ्यावर काळे डाग पडेपर्यंत शेकलेली. तुमच्या फॉर्मवर दोघींचं उत्तर एकच: ‘दोन’. ‘तुम्ही ओढता का?’ या प्रश्नाला बाई ‘नाही’ म्हणेल, आणि ते खरंही असेल. पण सकाळी मिश्री लावत असेल तर तंबाखू वगळण्याचा तुमचा हेतूच फसला.

यावर एक उपाय रक्तात आहे. ॲक्रिलामाइड हिमोग्लोबिनला चिकटतं आणि तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे गेल्या काही महिन्यांचा हिशोब तिथे मिळतो. खर्चिक आहे, तरी थोड्या जणींवर ही तपासणी केलीत तर प्रश्नावली कितपत खरी बोलते ते कळेल.

पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा निष्कर्षाआधी एवढं शोधा: यांनी मोजलं काय, आणि नुसतं विचारलं काय?