निर्दोषता आणि सद्गुण

तुरीनचे संत जॉन बॉस्को यांचा ‘प्रतिबंधक पद्धती’वरील निबंध १८७७ साली प्रसिद्ध झाला. शिक्षेच्या भयाऐवजी विवेक, धर्म व वात्सल्य यांवर शिस्त उभारावी, हा त्यातील सिद्धांत आजही मोलाचा आहे. परंतु अपराधाला वावच उरू नये एवढी अखंड देखरेख ठेवावी, हे त्याचे दुसरे अंग चिंत्य वाटते. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते अर्जित सद्गुण स्वेच्छेने वारंवार केलेल्या सत्कृत्यांतून दृढ होतो. पहाऱ्यातला मुलगा निर्दोष राहील. सद्गुणी होईलच असे नाही. १८८४ साली रोमहून पाठविलेल्या पत्रात बॉस्को यांनी मुलांच्या खेळात मिसळणाऱ्या शिक्षकाची व परस्परविश्वासाची महती सांगितली आहे. निबंधाचा अर्थ त्या पत्राच्या प्रकाशात लावला, तरच शाळेतील देखरेख ही सोबत ठरेल; एरवी तो केवळ पहारा होय.