हेलियमची गोष्ट : काय गाळले जाते?

हेलियमच्या शोधाची गोष्ट लेखांतून, व्याख्यानांतून बहुधा एकाच साच्यात ऐकायला मिळते : १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर यांना विजयदुर्गाहून पिवळी रेषा दिसली आणि नवे मूलद्रव्य सापडले. गोष्ट सुटसुटीत आहे, पण तिच्यात इतिहास चुकला आहे आणि विज्ञान गळाले आहे.

इतिहासाची चूक लवकर दुरुस्त होते. १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ते ग्रहण जान्सेन यांनी गुंटूरहून पाहिले. लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट तपासला. विजयदुर्गाला ते आले १८९८ च्या ग्रहणासाठी.

आमचा मुख्य आक्षेप ‘रेषा दिसली’ या शब्दांना आहे. स्पेक्ट्रोमीटर म्हणजे नुसता लोलक नव्हे. प्रकाश अरुंद फटीतून आत येतो, भिंगामुळे समांतर होतो, लोलक किंवा ग्रेटिंग त्याचे रंग वेगळे करते आणि दुर्बिणीतून प्रत्येक रंगाची जागा मोजता येते. रेषा म्हणजे त्या फटीचीच प्रतिमा! सोडियमच्या पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला असतात, तर ही नवी रेषा ५८७.६ ला. दोन्ही पिवळ्याच. त्यांतला फरक नुसत्या रंगावरून ठरत नाही, तो मोजावा लागतो.

मोजल्यावरही प्रश्न संपला नाही. १८६९ च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलात एक अनोळखी हिरवी रेषा आढळली. तिच्यासाठी ‘कोरोनियम’ हे मूलद्रव्य कल्पिले गेले. सुमारे सत्तर वर्षांनी कळले, की ती तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे! म्हणजे अनोळखी रेषा हा नव्या मूलद्रव्याचा पुरावा असेलच असे नाही. हेलियमविषयी शंका घेणारे म्हणून हटवादी ठरत नाहीत. १८९५ मध्ये रॅम्से यांना क्लीव्हाइट या खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा मिळाली, तेव्हा शंका फिटली. प्रचलित गोष्टीत या सत्तावीस वर्षांना जागाच नसते.

वर्गात खोक्याला बारीक फट पाडून, आत जुनी सीडी तिरकी बसवून वर्णपट पाहता येतो. (सूर्याकडे मात्र रोखू नये.) मीठ टाकलेल्या ज्योतीची पिवळी रेषा दाखवावी आणि विचारावे : हिच्या शेजारी दीड नॅनोमीटरवर दुसरी रेषा असती, तर या खोक्यातून ती वेगळी ओळखता आली असती का? नसती, तर खोक्यात काय सुधारावे लागेल? हेलियमचा धडा इथून सुरू व्हावा.