रिकामा गाळा आणि आरास : एका उपेक्षित कलाप्रकाराचा विचार

उत्सवप्रसंगी केल्या जाणाऱ्या आरासीचा मराठी कलाविचारात फारसा समावेश झालेला नाही. तिच्याविषयी जे लिहिले गेले ते बहुधा उत्सवाच्या सामाजिक इतिहासाच्या अनुषंगाने. आणि तिचे मूल्यमापन जे होते ते स्पर्धांच्या परीक्षकांकडून, गुणांच्या तक्त्यावर. आरास ही एक स्वतंत्र रचना आहे, तिला स्वतःचे असे रूपनियम आहेत आणि त्या नियमांच्या कसोटीवर तिचे यशापयश ठरवता येते, ही भूमिका घेऊन झालेली समीक्षा विरळा. त्या दृष्टीने मुंबईच्या शिवाजी पार्क परिसरातील एखादा रिकामा गाळा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांच्या हाती सणापुरता आला, तर उद्‌भवणारे प्रश्न अभ्यासकाला विशेष उपकारक ठरतात. येथे आरासीला तिचे नेहमीचे आधार मिळत नाहीत. ना देव्हारा, ना मंडप, ना विकाऊ माल.

'आरास' हा शब्द फारसीतून आलेला. सजावट हा त्याचा सरळ अर्थ. परंतु मराठी घरात या शब्दामागे जे चित्र उभे राहते ते मखराचे. मखर म्हणजे कोणासाठी तरी केलेली चौकट होय. गणपती असो, गौर असो, की पूर्वी ऋतुप्राप्तीच्या सोहळ्यात बसवलेली मुलगी असो, मध्ये कोणीतरी आहे म्हणून मखराला अर्थ आहे. 'मखरात बसवणे' या वाक्प्रचारातील सूक्ष्म उपहासही हेच सांगतो की चौकटीला महत्त्व येते तेव्हा आत बसलेल्याचे महत्त्व कमी झालेले असते. तात्पर्य, आरास ही मुळात परावलंबी कला आहे. तिचा केंद्रबिंदू तिच्याबाहेरून येतो. रिकाम्या गाळ्यात नेमका हा केंद्रबिंदूच नसतो, आणि नवशिक्या रचनाकाराची पहिली धडपड तो कसाबसा मिळवण्याची असते.

ही धडपड कोणत्या दिशेने जाते हे समजण्यासाठी गिरगाव-परळ-लालबागच्या परंपरेकडे पाहणे अवश्य आहे, कारण दादरच्या विद्यार्थ्याची दृष्टी तिनेच घडवलेली असते. गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सुरू झालेल्या उत्सवाने लहान मूर्तीची रीत आजवर सांभाळली आहे. तेथे आरास मूर्तीच्या मापाची राहते. उलट लालबागच्या गणेश गल्लीत १९७७ साली, मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, २२ फुटी मूर्ती उभी राहिली. मूर्तीने मखराची उंची ओलांडली की मखराचे काय होते? ते बाहेर सरकते. ते दर्शनी भिंत बनते, महाद्वार बनते, आणि पुढे देशातील प्रसिद्ध मंदिरांच्या प्रतिकृतींचे रूप घेते. या प्रतिकृतींमागचे कारागिरांचे कौशल्य निर्विवाद आहे. तथापि प्रतिकृती पाहणाऱ्याचा पहिला उद्‌गार 'किती हुबेहूब' असा असतो. तेथेच त्याचे पाहणे संपते. आरासीची कसोटी सादृश्य ही झाली, आणि स्थळाशी असलेला तिचा संबंध तुटला. जे मंदिर लालबागेत उभारता येते ते कोठेही उभारता येते.

साहित्यद्रव्याच्या बाबतीतही हाच दोष दिसतो. थर्माकोल कोरायला सोपे, वजनाला हलके आणि रंगाने पांढरे. त्यामुळे घरगुती मखर हे संगमरवरी महालाचे लघुरूप झाले. २०१८ साली राज्यात प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आल्यावर पुठ्ठा, कागद, कापड, बांबू यांकडे कारागीर वळले. ही एक संधी होती. पण पुष्कळ ठिकाणी पुठ्ठ्यातून पुन्हा तेच खांब, त्याच कमानी आणि तोच महाल कापण्यात आला. द्रव्य बदलले, कल्पना बदलली नाही. कागदाला घडी पडते, त्यातून प्रकाश झिरपतो, तो वाऱ्याने हलतो. हे त्याचे गुण संगमरवराच्या सोंगात वाया जातात.

उपयोजित कलेच्या अभ्यासक्रमाचा वारसा दुसरा आहे. सर ज. जी. कलाशाळेत १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग निघाला आणि तेथून प्रदर्शन-मांडणी हा शिकवण्याचा विषय झाला. दुकानाच्या काचेमागील मांडणीचे शास्त्र त्यात येते : नजर कोठे थांबवावी, मोकळी जागा किती सोडावी, दिवा कोठून टाकावा. हे शिक्षण मोलाचे आहे. मात्र त्याचे उद्दिष्ट विक्री हे असते. रानडे रस्त्यावरील दुकानदाराला हवी असलेली मांडणी पाहणाऱ्याला उंबरठ्याच्या आत ओढते. ज्या गाळ्यात विकायला काहीच नाही, तेथे आत ओढून करायचे काय? न्यूयॉर्कमध्ये १९६१ च्या डिसेंबरात क्लेस ओल्डनबर्ग याने भाड्याच्या दुकानात प्लास्टरचे रंगवलेले खाद्यपदार्थ आणि कपडे मांडून ते खरोखरीच विकायला काढले, तेव्हा त्याने दुकानपणाचीच थट्टा केली होती. ती थट्टा त्या शहराला शोभली. सणाच्या आदल्या संध्याकाळी पिशव्या भरून घरी निघालेल्या दादरकराला तीच थट्टा ऐकवणे म्हणजे भलत्या घरी भलती गोष्ट सांगणे होय.

मग या गाळ्याला जवळचा नमुना कोणता? तो एका वेगळ्या कलेत, पण याच दादरमध्ये सापडतो. 'आविष्कार' या संस्थेने १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात नाटके करण्यास आरंभ केला. ते नाट्यगृह नव्हते. मोठ्या नेपथ्याची सोय तेथे नव्हती, आणि प्रेक्षक नटाच्या अगदी समोर होता. या मर्यादा झाकण्याचा प्रयत्न झाला असता तर ती चळवळ म्हणजे शिवाजी मंदिरची गरीब आवृत्ती झाली असती. तसे झाले नाही. जवळीक हीच तेथील नाटकांची शैली बनली. जागेची उणीव ही रचनेची अट मानण्याचा हा धडा नाट्यसमीक्षेने पुष्कळ चर्चिला आहे. दृश्यकलेच्या वर्गात मात्र तो क्वचितच पोहोचतो.

रिकाम्या गाळ्याच्या अटी कोणत्या ते पाहावे. तीन बाजू बंद, चौथी रस्त्याकडे पूर्ण उघडी. शटर वर गेले की सगळे एकदम दिसते. पडदा हळूहळू सरकण्याची सोय नाही. पाहणारा पदपथावरून तिरका येतो, समोर दोन क्षण असतो, आणि तिरकाच निघून जातो. समोरून काढलेल्या छायाचित्रात सुंदर दिसणारी मांडणी त्याला तशी दिसतच नाही. भिंतीवर जुन्या फळ्यांच्या खुणा असतात, वर माळा असतो, दाराच्या माथ्यावर उतरवलेल्या पाटीचा फिकट चौकोन असतो. या परिसरातील जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू असल्याने अनेक गाळे दोन मालकांच्या किंवा दोन इमारतींच्या मधल्या काळात रिकामे असतात. आणि त्या चौकोनात पूर्वी काय लिहिलेले होते हे शेजाऱ्यांना पाठ असते. विद्यार्थी बहुधा सर्वप्रथम हे सारे कापडाने झाकतात. भिंत स्वच्छ हवी, हा कलादालनाचा संस्कार येथे आडवा येतो. वस्तुतः ती खूण झाकली की गाळा कोणताही होतो. गणेश गल्लीच्या प्रतिकृतीत जे घडले तेच येथे लहान प्रमाणावर घडते.

केंद्रबिंदूच्या प्रश्नाचे उत्तर परंपरेतच आहे, पण ते गणेशोत्सवात नसून दिवाळीत आहे. आकाशकंदील ही अशी आरास आहे की जिच्या मध्ये मूर्ती नाही, माल नाही. आहे तो फक्त दिवा. बांबूच्या कामट्या, घोटीव कागद, खळ आणि खाली झिरमिळ्या एवढ्या सामग्रीतून तो उभा राहतो आणि घराच्या आत न पाहता रस्त्याकडे पाहतो. शिवाजी पार्कपासून दूर नसलेल्या माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीपूर्वी ओळीने टांगलेले हाती बनवलेले कंदील पाहिले, की रचना आणि रस्ता यांचा मेळ कसा बसतो ते समजते : तेथे कोणताही एक कंदील केंद्रस्थानी नसतो, पाहणारा चालतो आणि त्याच्या चालण्यानेच रचना पूर्ण होते. मैदानाभोवती अलीकडच्या वर्षांत होणारी दिवाळीची विद्युत रोषणाई याच्या उलट टोकाची आहे. तिच्यात विपुलता आहे, पण कागदातून गाळून येणाऱ्या प्रकाशाचे तारतम्य नाही. तिच्याशी उजेडाच्या स्पर्धेत उतरणारा गाळा हरणारच. अंधाराचा एक भाग राखून ठेवणे त्याला परवडते, रोषणाईला परवडत नाही.

ध्वनीचाही विचार करावा लागतो. २०१० साली उच्च न्यायालयाने शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवले. देखाव्यातील निवेदन, पार्श्वसंगीत, चलच्चित्रांना जोडलेला ध्वनिवर्धक, या लालबागी साधनांवर त्या निर्णयाने तेथे मर्यादा आली. ही अडचण नसून उपकार आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. कारण ज्या देखाव्याला स्वतःचा अर्थ सांगण्यासाठी निवेदक लागतो, तो देखावा दृश्यरूपाने अपुराच असतो.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. इतकी संयत, मूक, अर्धअंधारी रचना सणाला साजेल काय? लोकांना झगमगाट हवा असतो, आणि त्यांना तो नाकारणे हा अभिजनांचा हट्ट नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. सणाची आरास प्रसन्न नसेल तर ती चुकली, मग तिची तात्त्विक बैठक कितीही भक्कम असो. पण प्रसन्नता आणि झगमगाट एक नव्हेत. दारातील पणती आणि उंबऱ्याजवळची रांगोळी यांना झगमगाट म्हणत नाहीत, तरी त्यांच्याशिवाय दिवाळी होत नाही. रांगोळीचे उदाहरण दुसऱ्याही कारणाने बोधप्रद आहे : ती दुसऱ्या दिवशी पुसायची असते, हे ठाऊक असूनच ती काढली जाते. गाळाही सणानंतर परत करायचा असतो. हे आधीच मान्य केलेली रचना हलकी असते, भिंतीला इजा करीत नाही, आणि उतरवताना कचऱ्याचा ढीग मागे ठेवत नाही.

अशा कामाचे शैक्षणिक मूल्यमापन सध्या बहुतांशी छायाचित्रांवरून होते. छायाचित्र समोरून घेतलेले, रस्ता वगळलेले आणि माणसांवाचून असते. म्हणजे आरासीतील जे काही आरासीचे होते तेच त्यातून गळलेले असते. त्याऐवजी गाळ्याच्या मापांचा आराखडा, दिव्यांच्या जागा, पदपथावरील तीन-चार ठिकाणांहून केलेली रेखाटने, आणि तिन्हीसांजेपासून शटर खाली येईपर्यंत लोक कोठे रेंगाळले व कोठे न थांबता गेले यांची तासातासाची नोंद विद्यार्थ्यांकडून मागवली, तर परीक्षकाच्या हाती निदान त्या गाळ्याचे काही तरी लागेल.