टॉवेलचा हत्ती कोणी केला? : मराठी क्रूझवर्णनांतला गैरहजर माणूस

मराठी प्रवासवर्णनात क्रूझ रुळून आता बरीच वर्षे झाली. सिंगापूरहून निघणारी, अलास्काची, भूमध्य समुद्रातली, आणि अलीकडे मुंबईहून थेट गोव्याला जाणारी. दिवाळी अंकांत, ज्येष्ठ नागरिक संघांच्या स्मरणिकांत, पदरमोड करून छापलेल्या छोट्या पुस्तकांत ही वर्णने मला भेटत गेली आणि मी ती जमवत गेलो. वाकोल्यातल्या आमच्या रद्दीवाल्याला माझी आवड ठाऊक असल्याने तो असले काही आले की बाजूला काढून ठेवतो. या लेखात मी त्यांतल्या कोणा लेखकाचे नाव घेणार नाही. कारण दोष एकट्यादुकट्याचा नाही, लिहिण्याच्या पडलेल्या वळणाचा आहे.

हे वळण वाचकांच्याही परिचयाचे असेल. बोट पाहून थक्क होणे, केबिन लहान पण नीटनेटकी असणे, मग जेवण. जेवणाचा भाग सर्वांत लांब. बुफेची लांबी, पदार्थांची संख्या, मध्यरात्री पुन्हा मांडलेले गोड पदार्थ, आणि शाकाहाराची चिंता मिटल्याचा सुस्कारा. मधल्या दिवसांत किनाऱ्यावरच्या सहली. अलास्का असेल तर देवमाशाच्या शेपटीचे ओझरते दर्शन, बर्फाच्या लादीवर पहुडलेले सील, पांढऱ्या डोक्याचा गरुड. आणि रात्री केबिनमध्ये परतल्यावर पलंगावर टॉवेलचा हत्ती बसलेला असतो.

‘बसलेला असतो’ हे क्रियापद मला महत्त्वाचे वाटते. या वर्णनांतली वाक्ये व्याकरणाच्या अंगाने तपासली तर एक चमत्कार दिसतो. देवमासा उसळी मारतो, गरुड झेप घेतो, लेखक फोटो काढतो. पण बिछाना घातलेला असतो, टेबल मांडलेले असते, गरम सूप समोर येते. जनावरांना कर्ता होण्याचा मान आहे, वाढणाऱ्याला नाही. टॉवेलच्या हत्तीची गणती प्राण्यांमध्ये होते, पण त्याच्यामागच्या हातांची गणती कशातच होत नाही.

हे हात कधी दिसतच नाहीत असे मात्र नाही. बहुतेक वर्णनांत एक जागा हमखास येते. पाचव्या-सहाव्या दिवशी लेखकाला वरणभाताची आठवण होते आणि नेमका तेव्हाच स्वयंपाकघरातून कोणी मुंबईचा किंवा गोव्याचा निघतो. ‘आपला माणूस!’ असा उद्गार येतो, तो प्रेमाने काहीतरी करून वाढतो, त्याच्याबरोबर फोटो निघतो, आणि पुढच्या परिच्छेदात बोट दुसऱ्या बंदराला लागते. माझ्या मते प्रत्येक क्रूझवर्णनातली ही सर्वांत मोलाची आणि सर्वांत वाया गेलेली जागा आहे. दार उघडते, लेखक आत डोकावतो, वरणभात घेतो आणि दार लावून घेतो. हा माणूस मुंबईत कुठे राहतो, किती महिन्यांनी घरी जातो, तो स्वतः कुठे बसून काय जेवतो, यातले काही विचारले जात नाही.

आपल्या प्रवासवर्णनाची सुरुवात अशी नव्हती. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेवरचे पुस्तक काढले त्याचे नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त मागून. तिथली राज्यव्यवस्था, घरे, शाळा, स्त्रियांची कामे आणि त्यांच्या संस्था, हाच त्या पुस्तकाचा मुख्य ऐवज आहे. पुढे आपण लोकस्थिती गाळली आणि प्रवासवृत्त ठेवले. क्रूझवर तर प्रवासवृत्तही सहल-कंपनीच्या छापील कार्यक्रमाबरहुकूम लिहिले जाते. दिवस पहिला, दिवस दुसरा.

कोकणच्या आगबोटीचे उदाहरण घ्या. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत जाणारी ही बोट ऐंशीच्या दशकापर्यंत कोकणी माणसाची जीवनवाहिनी होती. तिच्यात बुफे नव्हता. डेकवर वळकटी पसरायची, उलट्या आवरायच्या, आणि बहुतेक बंदरांत बोट दूर उभी राहिली की पडावात उतरून किनारा गाठायचा. (क्रूझवर यालाच ‘टेंडर’ म्हणतात आणि त्याचे कौतुक करतात.) पण त्या पिढीच्या आठवणी ऐकाव्यात. तांडेल कोणत्या वाडीचा, खलाशी कोणाचा जावई, पडाववाला कोणाला आधी उतरवून घ्यायचा, सगळे माहीत असते. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली; त्या दुर्घटनेच्या कथनांतही गावे आणि आडनावे येतात. हा जुन्या काळाचा मोठेपणा नव्हे. प्रवासी आणि खलाशी एकाच पंचक्रोशीतले होते, त्यामुळे न ओळखण्याची सोयच नव्हती.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ मुंबईहून गोव्याला निघाली. तिच्या नावात कान्होजी आंग्रे आहेत आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात असलेला आंग्रिया बँक हा प्रवाळांचा उंचवटाही आहे. म्हणजे त्याच किनाऱ्यासमोरून, त्याच पाण्यातून मराठी माणूस पुन्हा बोटीने गेला. तिच्यावरची जी वर्णने माझ्या संग्रहात आहेत त्यांत सूर्यास्त आहे, डॉल्फिन आहेत (कोकणात यांना गादे म्हणतात, पण हा शब्द एकाही वर्णनात सापडला नाही), पोहण्याचा तलाव आहे. समोरून सरकत जाणाऱ्या बंदरांची नावेसुद्धा क्वचित.

इथे एक आक्षेप येईल. माणूस आयुष्यभर लोकलला लोंबकळून निवृत्त होतो, आठ दिवस आरामाला जातो. त्याने सूप पिता पिता वाढप्याच्या पगाराची चौकशी करायची का? आक्षेप मला मान्य आहे. मजेला गेलेल्याने मजा करावी. पण जो परत येऊन लिहायला बसतो तो प्रवासी राहत नाही, लेखक होतो. अमेरिकन लेखक डेव्हिड फॉस्टर वॉलेस १९९५ साली एका मासिकासाठी कॅरिबियन क्रूझवर गेला. त्याचा लेख पुढच्या वर्षी ‘हार्पर्स’मध्ये आला. केबिन साफ करणारी बाई आपण बाहेर गेल्याचे कसे ओळखते, याचा त्याला इतका छडा लावावासा वाटला की तो मुद्दाम कमीजास्त वेळ बाहेर राहून पाहत होता. तिचे नाव त्याच्या लेखात आहे, टेबलावरच्या वाढप्याचेही आहे. तिच्या घरापर्यंत तो गेला नाही, त्याला ते शक्यही नव्हते. आपल्याला शक्य आहे, कारण तिचे घर वाकोल्यात असू शकते.

ही अतिशयोक्ती नाही. सेंट अँथनी चर्चच्या आसपासच्या गल्ल्यांत ज्याच्या घरातले कोणी ना कोणी बोटीवर आहे अशी कुटुंबे मी लहानपणापासून पाहतो आहे. पूर्वी ते गोदीतून चढत, आता विमानाने जाऊन परदेशी बंदरात ‘साइन ऑन’ करतात. आमच्या डोक्यावरून जाणाऱ्या विमानांतून समुद्रावर कामाला जाणारी माणसे असतात, हे बाहेरच्याला चटकन सुचणार नाही. आमच्या इमारतीतला एक मुलगा हाउसकीपिंगमध्ये आहे. त्याने मला टॉवेलचा हत्ती करून दाखवला. मोठा टॉवेल दोन्ही टोकांकडून मध्यापर्यंत गुंडाळायचा, दुमडून चार पायांवर उभा करायचा. लहान टॉवेलची सोंड आणि कान. दोन मिनिटांत झाला. ‘एक करायला मजा येते काका, रोज रात्री पंधरा-सोळा करायला नाही,’ एवढेच म्हणाला.

त्याच्या कामाचे नियम कागदावर आहेत. २००६ चा सागरी श्रम करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, ती फार तर दोन तुकड्यांत, आणि त्यातला एक तुकडा किमान सहा तासांचा. मध्यरात्रीचा बुफे ज्याने आवरला आणि पहाटेचा नाश्ता ज्याने मांडला तो एकच असेल, तर हे सहा तास कुठे बसतात, हा हिशेब कोणत्याही क्रूझवर्णनाला रंगत आणील.

आकडेही बोलके आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’ योकोहामाला अडकली तेव्हा तिच्यावर १३८ भारतीय होते. त्यांतले प्रवासी ६, कर्मचारी १३२. त्या दोन-तीन महिन्यांत आपल्या वर्तमानपत्रांना प्रथमच कळले की क्रूझवरचा भारतीय म्हणजे बहुतेक वेळा काम करणारा भारतीय. एप्रिलमध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’वरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबई बंदरात उतरले, तीही बातमी झाली. त्यानंतरच्या क्रूझवर्णनांत यातले काही झिरपले असेल म्हणून मी उत्सुकतेने पाहिले. झिरपले नव्हते.

आता मूळ मुद्दा. हा गैरहजर माणूस साहित्यातून गैरहजर नाही, फक्त मराठीतून आहे. कोकणीत त्याला ‘तारवटी’ म्हणतात. पी अँड ओच्या बोटींवर डेकवर कोकण-गुजरातचे खलाशी आणि स्वयंपाकघरात व भोजनगृहात गोव्याची माणसे, ही वाटणी एकोणिसाव्या शतकापासूनची. बोट मिळेपर्यंत हे लोक धोबीतलाव-गिरगावच्या ‘कुडां’त, म्हणजे गावागावांच्या क्लबांत, ट्रंक ठेवून राहत. याच मुंबईत १८९२ साली तियात्राचा पहिला प्रयोग झाला, आणि तारवटी हे तियात्राचे हक्काचे पात्र बनले. लक्षात घ्या, ते केविलवाणे पात्र नाही. तो सोने घालून येतो, फुशारक्या मारतो, बायकोवर संशय घेतो, भावाला पैसे देऊन पस्तावतो. प्रेक्षक त्याला हसतात आणि त्याच्यासाठी रडतातही. मराठी क्रूझवर्णनाकडून मला अपेक्षा आहे ती दयेची नव्हे, अशा पात्राची.

मुंबई विद्यापीठाचे कालिना संकुल आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. माझे शिक्षण तिथले नाही, बाहेरून जे जमले ते. तिथे दोन्ही भाषांचा अभ्यास होऊ शकतो, आणि खाली गल्लीत दोन्ही भाषा एकाच जिन्यावर बोलल्या जातात. तरीही मराठी वाचकाला तियात्र ठाऊक नसते. एक कारण लिपीचे आहे. तियात्राचा बराचसा मजकूर रोमी लिपीत आहे आणि आपण तो ‘त्यांचा’ म्हणून सोडून देतो. जात, धर्म आणि पोर्तुगीजांचा इतिहास ही कारणेही आहेतच, पण लिपीचा अडसर सर्वांत सोपा आणि सर्वांत आधी काढण्यासारखा.

सध्या मी तेच करतो आहे. पहिल्या मजल्यावरच्या मावशींचे यजमान तीस वर्षे बोटीवर भांडारी होते. त्यांच्याकडे तियात्राच्या कॅसेटींचा एक डबा आहे आणि गाण्यांच्या काही पुस्तिका. मी रोमीतून देवनागरीत उतरवतो, मावशी उच्चार सुधारतात, आणि तारवट्याच्या बायकोचे गाणे आले की थांबून तो महिना, ते पत्र, ती मनीऑर्डर सांगू लागतात. आतापर्यंत दोन वह्या भरल्या आहेत.