नग्नचित्रांचा वाद आणि अजिंठ्याची साक्ष

मुंबई उच्च न्यायालयाने २५ ऑक्टोबर २०२४ रोजी सीमाशुल्क विभागाचा एक आदेश रद्द ठरविला. फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि अकबर पदमसी या चित्रकारांच्या, परदेशातील लिलावांत विकत घेतलेल्या सात कलाकृती अश्लील ठरवून विभागाने अडकवून ठेवल्या होत्या. नग्नता दिसली म्हणजे अश्लीलता सिद्ध झाली, हे गृहीतक न्यायालयाने अमान्य केले. पदमसींवर असा प्रसंग पूर्वीही आला होता. १९५४ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनातील त्यांच्या ‘लव्हर्स’ नावाच्या दोन चित्रांवरून त्यांना अटक झाली आणि पुढे ते निर्दोष ठरले. आमच्या सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर येथे १९१५ साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांची कथा तर सर्वश्रुतच आहे. १९७६ मधील सरस्वतीच्या रेखाचित्रावरून १९९६ साली वादळ उठले, खटले झाले, दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केले. तरीही देशाबाहेर गेलेला हा चित्रकार परतला नाही आणि २०११ साली लंडनमध्ये वारला.

हा विषय बौद्ध अध्ययनाच्या नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. कारण असे की, अशा प्रत्येक वादात कलावंतांचे कैवारी अजिंठा, खजुराहो आणि कोणार्क ही तीन नावे एका दमात घेतात. उलट आपल्यातील श्रद्धाळू उपासक अजिंठ्यावर असला काही प्रकार नाहीच, असे ठासून सांगतात. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही पक्षांनी अजिंठा नीट पाहिलेला नाही, आणि विनयपिटक तर उघडलेलेच नाही.

अजिंठ्याला या वादात प्रथम ओढले ते चित्रकलेच्या शिक्षणाने. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून तेथील चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. पुढे त्याच शाळेची सूत्रे ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्याकडे आली आणि त्यांनी नग्न मॉडेल समोर बसवून चित्रण करण्याचा वर्ग तेथे रुजविला. याच सॉलोमन यांनी १९२३ साली अजिंठा लेण्यांतील स्त्रियांवर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. हा योगायोग मानण्याचे कारण नाही. युरोपीय पद्धतीचा अभ्यासवर्ग परका वाटू नये म्हणून त्याला एक देशी पूर्वज हवा होता, आणि तो अजिंठ्याच्या भिंतीवर सापडला. गंमत अशी की बंगालमधील ज्या पुनरुज्जीवनवाद्यांनी मॉडेल पाहून चित्र काढण्याची पद्धत अभारतीय ठरविली, तेही अजिंठ्यालाच आपला आधार मानीत होते. नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार हे लेडी हेरिंगहॅम यांच्या पथकातून तेथे प्रतिकृती करून आलेले होते. ज्यांनी ही लेणी कोरविली आणि ज्या भिक्खूंसाठी ती कोरली गेली, त्यांचे या प्रश्नावर काय म्हणणे होते, हे मात्र दोन्ही पक्षांपैकी कोणी विचारले नाही.

विनयातील प्रमाण स्पष्ट आहे. चुल्लवग्गातील सेनासनक्खंधकात छब्बग्गिय भिक्खूंची हकीकत येते. त्यांनी विहारात स्त्री-पुरुषांच्या आकृतींचे पटिभानचित्त, म्हणजे स्वैर कल्पनेने रंगविलेले चित्र, काढून घेतले. विहार पाहायला आलेल्या लोकांनी हे तर कामभोगी गृहस्थांसारखे वागणे झाले म्हणून नावे ठेवली. तथागतांनी अशी चित्रे वर्ज्य केली आणि फुलमाळा, वेली, मकरदंत अशा नक्षीला अनुमती दिली. एवढ्यावरून पाहिले तर अजिंठ्याची बहुतेक चित्रे विनयबाह्य ठरतील. परंतु अजिंठ्याच्या भिक्खुसंघाचा विनय पालि विनय नव्हता. मूलसर्वास्तिवादी परंपरेच्या विनयात विहाराच्या कोणत्या भागात कोणते चित्र असावे याच्या सूचना आहेत, आणि तीत सांगितलेले भवचक्र १७ क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत आजही भग्नावस्थेत दिसते. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक नृपती हरिषेण याच्या काळात, त्याचा अमात्य वराहदेव याने १६ वे लेणे दिले. देणगीदार दरबारी होते आणि त्यांचा दरबार भिंतीवर उतरला.

आता ही चित्रे जवळून पाहू. पहिल्या लेण्यातील महाजनक जातकात राजाला गृहत्यागापासून परावृत्त करण्यासाठी नृत्य मांडलेले आहे. त्यातील नर्तकी लांब बाह्यांच्या अंगरख्यात आहे, आणि राणी सीवलीच्या अंगावर कमरेच्या वर दागिन्यांखेरीज फारसे काही नाही. दासी, नर्तकी, चाकर अंग झाकलेले आणि राजस्त्री उघडी, ही मांडणी अजिंठ्यात इतरत्रही आढळते. तेथे शिवलेले वस्त्र चाकरीचे चिन्ह आहे. उघडी, तुकतुकीत, मोत्यांनी मढलेली त्वचा हे ऐश्वर्याचे. पुरुषांचेही तसेच. पद्मपाणीच्या उघड्या छातीला कोणी नग्नचित्र म्हणत नाही, हे आपल्या नजरेबद्दल बरेच काही सांगते. त्रावणकोरात हाच संकेत नेमका उलटा होता. तेथे खालच्या मानलेल्या जातींच्या स्त्रियांनी छाती उघडी ठेवणे हीच वरच्या जातींपुढची अदब समजली जाई, आणि नाडर स्त्रियांना छाती झाकण्याची मोकळीक मिळायला १८५९ साल उजाडावे लागले. पॅरिसमध्ये १८६५ साली मानेच्या ‘ऑलिम्पिया’ने गहजब केला. तीत गोरी गणिका विवस्त्र असून मागे फुले घेऊन उभी असलेली कृष्णवर्णीय दासी पूर्ण वस्त्रात आहे. कातडी उघडी असणे या गोष्टीला स्वतःचा असा अर्थ नाही. तो कोणाची कातडी, कोणापुढे, आणि कोणाच्या इच्छेने, यावर ठरतो.

१६ व्या लेण्यातील ज्या चित्राला एकोणिसाव्या शतकापासून ‘मरणोन्मुख राजकन्या’ असे नाव चिकटले आहे, त्याचे उदाहरण येथे फार बोलके आहे. ही राजकन्या मरत नाही. ती नंदाची पत्नी सुंदरी होय. नंदाने प्रव्रज्या घेतल्याची खूण म्हणून त्याचा मुकुट घेऊन सेवक आला आहे आणि ती कोसळली आहे. उघडा देह आहे, पण चित्राचे बळ कलंडलेल्या मानेत आणि सावरणाऱ्या सखीच्या हातात आहे. हे चित्र ज्या विहारात काढले गेले, तेथे राहणारा प्रत्येक भिक्खू कोणाला तरी मागे ठेवून आलेला होता. तो रोज या भिंतीखालून जात असे. अमृता शेरगिल १९३६ च्या अखेरीस अजिंठ्याला जाऊन आल्यावर तिच्या चित्रांतील देह बदलले, ते याच गुणामुळे असावे असे मला वाटते. १९३७ च्या ‘ब्राइड्स टॉयलेट’मधील अर्धवस्त्रा नववधू कोणाला रिझविण्यासाठी बसलेली नाही.

इंग्रज समीक्षक केनेथ क्लार्क यांनी १९५६ साली नग्नता आणि नागडेपणा असा भेद केला. पहिली कलेची, दुसरी लाजिरवाणी. जॉन बर्जर यांनी १९७२ साली हा भेद उलटा करून दाखविला: चित्रातील नग्न स्त्री ही पाहणाऱ्या धन्यासाठी मांडलेली वस्तू असते, असे त्यांचे म्हणणे. मराठीला हा भेद नवा नाही. साधू तो दिगंबर, मूर्ती ती नग्न, आणि गरिबाचे पोर नागडे. पालि ‘नग्ग’ आणि आपला ‘नागडा’ एकाच मुळाचे. ‘नागवणे’ म्हणजे लुबाडणे. लुबाडणूक आणि वस्त्रहरण या दोन क्रियांना एकच धातू पुरतो, हे ज्या समाजाने अनुभवले त्यानेच हा शब्द घडविला असणार.

महावग्गातील चीवरक्खंधकात या अनुभवाची जाण दिसते. एका भिक्खूने नग्न राहण्याची परवानगी मागितली, ती तथागतांनी नाकारली. अचेलक तीर्थिकांचे हे व्रत संघाला अयोग्य ठरले. त्याच खंधकात विशाखेने वर मागितले आहेत. अचिरवती नदीवर भिक्खुणी गणिकांच्या शेजारी विवस्त्र स्नान करीत आणि गणिका त्यांची टिंगल करीत; म्हणून भिक्खुणीसंघाला उदकसाटिका, म्हणजे स्नानवस्त्र, देण्याची परवानगी विशाखेने मागितली आणि ती मिळाली. येथे दुसऱ्या बाईच्या लाजेची दखल एका बाईने घेतली आहे, आणि ती नुसते मत देऊन थांबत नाही, कापड देते.

आणि पटाचारा. अट्ठकथांतील ही कथा आपल्याकडे प्रवचनांतून सांगितली जाते, पण तिच्यातील क्रमाकडे क्वचित लक्ष जाते. पती, दोन मुले, आईवडील आणि भाऊ गमावलेली ही स्त्री भ्रमिष्ट झाली. अंगावरचे वस्त्र गळून पडल्याचे भान तिला नव्हते. धम्मदेशना चालू असता ती जेतवनात शिरू लागली तेव्हा लोकांनी तिला अडवू पाहिले. भगवंतांनी तिला येऊ दिले आणि भानावर येण्यास सांगितले. भान आले तेव्हा तिला लाज वाटली, ती खाली बसली, आणि एका माणसाने आपले उत्तरीय तिच्याकडे टाकले. आधी तिला माणूस म्हणून संबोधणे, मग तिचे भान, मग वस्त्र. जमावाचा क्रम उलटा होता: आधी ही दृष्टीआड करा.

मात्र आपले सर्वच ग्रंथ या बाबतीत निर्दोष आहेत, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गृहत्यागाच्या रात्री सिद्धार्थाने अस्ताव्यस्त निजलेल्या अर्धनग्न स्त्रिया पाहिल्या आणि त्याला किळस आली, हा प्रसंग बुद्धचरितात आणि निदानकथेत रंगवून सांगितला आहे. गांधार शिल्पकारांनी तो आवडीने कोरला. पालि विनयात हीच हकीकत यशाची आहे. ती पुढे सिद्धार्थाच्या चरित्रात शिरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात उदायी व स्त्रियांचा प्रसंग ठेवला, पण गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे दिले. सिद्धार्थ यशोधरेचा निरोप घेऊन उघडपणे जातो. निजलेल्या स्त्रियांना त्या कथेत जागाच उरत नाही. या बदलाची चर्चा ऐतिहासिकतेच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. स्त्रीदेहाची घृणा हे धम्माचे उगमस्थान राहिले नाही, हा त्याचा परिणाम मला तितकाच महत्त्वाचा वाटतो.

याच बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांना लुगडे कसे नेसावे ते सांगितले होते आणि जातीची खूण ठरलेले जड दागिने टाकायला लावले होते. १९७२ साली परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात पाण्यावरून दलित स्त्रियांना विवस्त्र करून त्यांची धिंड काढली गेली. त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या ‘साधना’ अंकात राजा ढाले यांनी विचारले की, राष्ट्रध्वजाच्या अवमानाला ३०० रुपये दंड आणि आमच्या बाईचे लुगडे फेडल्यास ५० रुपये, हा हिशेब कसला? त्या लेखावर गदारोळ झाला तो ध्वजासाठी. लुगड्यासाठी झाल्याचे कोणाला आठवत नाही. ज्या घरांत या आठवणी आहेत, तेथला मुलगा किंवा मुलगी चित्रकला महाविद्यालयात जाऊन नग्न मॉडेलसमोर कागद घेऊन बसते, तेव्हा तिच्या आईला अस्वस्थ वाटल्यास तिला मागासलेली म्हणण्याचा अधिकार कलासमीक्षकांना नाही.

अर्थात हा वर्ग बंद करावा, असे मी म्हणत नाही. शरीररचना शिकल्याशिवाय चित्रकार घडत नाही. मॉडेल म्हणून बसणारी बाई मजुरी करते, आणि मजुरीत लाजिरवाणे काही नाही. रवी जाधव यांचा २०१८ चा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट अशाच एका बाईची कथा सांगतो: नवऱ्याचे घर सोडून मुंबईत आलेली आणि मुलाच्या शिक्षणासाठी हे काम धरणारी. तो २०१७ च्या गोव्यातील चित्रपट महोत्सवातून ऐनवेळी वगळला गेला, तेव्हा स्वातंत्र्याची चर्चा पुन्हा दिग्दर्शकाभोवती फिरली. चित्रकाराचे स्वातंत्र्य न्यायालयांनी वेळोवेळी राखले आहे, ते योग्यच झाले. पण समोर चार-चार तास न हलता बसणाऱ्या बाईचा मोबदला, विश्रांती आणि तिच्या नावाची गुप्तता यांचे काय, हा प्रश्न त्या निकालांच्या कक्षेत येत नाही.

आपल्यातील चित्रकारांनी देह टाळलेला नाही. नागपूरचे सवी सावरकर यांनी अस्पृश्य आणि देवदासी हे आपले विषय केले. त्यांच्या देवदासी पाहताना डोळ्यांना सुख होत नाही, आणि ते व्हावे अशी त्यांची इच्छाही दिसत नाही. अजिंठ्याचे लालित्य त्यांनी जवळजवळ नाकारलेच आहे. मला स्वतःला त्यात कधी कधी सुंदरीची कलंडलेली मान आठवते आणि काहीतरी हरवल्यासारखे वाटते.

आपल्या विहारांच्या भिंतींवर सुजाता असते, अंगुलिमाल असतो, आम्रपाली असते. पटाचारा क्वचित दिसते, आणि दिसलीच तर काठापदराच्या साडीत, हात जोडून. जेतवनाच्या दारातला तो क्षण रंगवायचा तर चित्रकाराला आधी हे ठरवावे लागेल की पाहणाऱ्याला कोठे उभे करायचे: अडवणाऱ्या लोकांत, की उत्तरीय काढून हात पुढे केलेल्या त्या निनावी माणसाच्या शेजारी.